माणसं कमी आहेत, म्हणून दार उघडं आहे असं नाही

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली. केअरगिव्हरचा सहा महिन्यांचा कोर्सही केला. एजंट म्हणतो, इंग्लंडमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला माणूस मिळत नाही, चौदा लाख भरा, दोन महिन्यांत व्हिसा. द्राक्षबागेवर कर्ज काढावं का?
– एक आई, तासगाव

ताई, कर्ज काढू नका.

एजंट अर्धं खरं सांगतोय. इंग्लंडमध्ये या कामाच्या लाखभर जागा खरोखरच रिकाम्या आहेत. २०२१-२२ मध्ये तर दीड लाखाच्या वर होत्या, म्हणूनच फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी केअर वर्करना व्हिसा खुला केला. पण मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्यांना नवरा-बायको, मुलं सोबत नेता येईनाशी झाली आणि २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी बाहेरून नवी भरतीच बंद झाली. दोन महिन्यांत व्हिसा तो आणणार कुठून?

जागा रिकाम्या का राहतात, हेही समजून घ्या. पगार किमान वेतनाच्या जरा वर. सुपरमार्केटमध्ये जवळपास तेवढंच मिळतं, आणि तिथे कुणाला उचलून आंघोळ घालावी लागत नाही. घरोघरी जाऊन सेवा करणाऱ्यांना मधल्या प्रवासाचे पैसे अनेकदा मिळतच नाहीत. स्थानिक माणूस टिकत नाही तो यामुळे. आपल्याकडची बरीच मुलं लाखो रुपये देऊन तिथे पोचली आणि कामच नाही म्हणून बसून राहिली. मालकाचा परदेशी माणसं ठेवण्याचा परवाना रद्द झाला की नवा मालक शोधायला जेमतेम साठ दिवस.

(पुण्यात ब्युरोकडून आजोबांसाठी रात्रीची मावशी मागवून बघा. तिथेही हीच रड, कारणही तेच.)

मुलीला हे काम मनापासून आवडतं का? तुमच्या पत्रात तिचं मत कुठेच नाही. आवडत असेल तर सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर थांबू नका. बारावीला बायोलॉजी असेल तर बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी, नाहीतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. नर्सना इंग्लंडचा व्हिसा अजून मिळतो, आणि परदेश राहिला बाजूला तरी सांगली-मिरजेत नोकरी आहेच. दुसरी वाट जर्मनीची. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. तिथे नर्सिंगचं तीन वर्षांचं शिक्षण घेताना दरमहा विद्यावेतन मिळतं, पण त्याआधी जर्मन भाषा साधारणपणे बी-टू पातळीपर्यंत यावी लागते. वर्ष-दीड वर्ष घासावं लागेल.

एजंट पुन्हा आला तर एवढंच विचारा : परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक काय? नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. चौदा लाख कशाचे, ते त्याच्याकडून लिहून मागा. आणि पुढचं पत्र मुलीला लिहू द्या.