वाचकांचे प्रश्न : घटस्फोट, मुलाचा ताबा आणि विम्याचे कागद

प्रश्न : मी इंदूरला सुदामानगरात आई-वडिलांकडे राहते आणि खासगी शाळेत शिकवते. पती पुण्यात नोकरीला आहेत. दोन वर्षांपासून आम्ही वेगळे राहत असून परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याचे ठरले आहे. आठ वर्षांचा मुलगा माझ्याजवळ असतो व त्याला दम्याचा त्रास आहे. आम्हा तिघांचा आरोग्यविमा पतीच्या कंपनीमार्फत आहे. गेल्या पावसाळ्यात मुलाला येथे रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा बिल माझ्या वडिलांनी भरले. क्लेमची रक्कम मात्र पतीच्या खात्यात जमा झाली आणि ती आम्हाला आजतागायत मिळालेली नाही. आता पती एकरकमी पैसे देण्यास तयार आहेत; परंतु मुलाच्या खर्चासाठी पुढे कधीही मागणी करणार नाही, असे माझ्याकडून लिहून मागत आहेत. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : तसे लिहून देऊ नये. पोटगी हा आपला हक्क आहे आणि तिच्याविषयी आपण तडजोड करू शकता. मुलाच्या संगोपनाचा खर्च हा मात्र मुलाचा स्वतःचा हक्क असून त्यावर पाणी सोडण्याचा अधिकार आईला नाही. असे कलम मसुद्यात राहिले तरी मुलाच्या वतीने पुढे न्यायालयात दाद मागता येईल. परंतु त्यासाठी नवा अर्ज, नवा वकील आणि आणखी काही वर्षे लागतील, आणि पहिल्याच तारखेला आपल्या सहीचा तोच कागद आपल्यासमोर ठेवला जाईल. म्हणून एकरकमी रक्कम केवळ आपल्या कायमस्वरूपी पोटगीपोटी आहे, असे स्पष्ट नमूद करावे आणि मुलाचा मासिक खर्च, शाळेची फी व औषधोपचार यांचे कलम वेगळे ठेवावे. येथील कुटुंब न्यायालयातील मसुदे बहुधा हिंदीत असतात. त्यांतील ‘भरण-पोषण’ म्हणजे पोटगी व ‘अभिरक्षा’ म्हणजे ताबा, हे ध्यानात ठेवून प्रत्येक ओळ स्वतः वाचावी.

ताब्याबाबत आपली बाजू भक्कम आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे म्हटले आहे. आपला मुलगा त्याहून मोठा असला, तरी त्याच कायद्यानुसार त्याचे हित सर्वोपरी मानले जाते, आणि त्याची शाळा, डॉक्टर व दैनंदिन आयुष्य इंदूरमध्येच आहे. वडिलांच्या भेटी, सुट्ट्यांतील मुक्काम आणि व्हिडिओ कॉलच्या वेळा मात्र तारखांसह लिहाव्यात. ‘दोघांच्या सोयीने’ एवढेच लिहिले, तर सोय कोणाची यावरून पुढे वाद होतो. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलल्यास बदलून घेता येतो, याची जाणीव दोघांनीही ठेवावी.

आता विमा. अनेक तडजोडींत त्यासाठी एक ओळही खर्च केलेली नसते. कंपनीमार्फत मिळणारी सामूहिक पॉलिसी हा मालक आणि विमा कंपनी यांच्यातील करार असतो. त्यात आपले पती सदस्य आहेत, तर आपण व मुलगा त्यांचे अवलंबित. त्यामुळे परताव्याची रक्कम कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात जाते. यात विमा कंपनीची काही चूक नाही, म्हणून तिच्याशी भांडून उपयोग होणार नाही. वडिलांनी भरलेले बिल व पतीच्या खात्यात आलेली रक्कम यांचा आकडा तडजोडीत देणे म्हणून लिहून घ्यावा. यापुढे मुलासाठी मिळालेली क्लेमची रक्कम जमा झाल्यापासून सात दिवसांत बिल भरणाऱ्याच्या खात्यात वळती करावी आणि क्लेमच्या अर्जावर सही करण्यास पतीने विलंब लावू नये, असेही कलम असावे. मूळ बिले पुण्याला पाठवताना त्यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात.

घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की पत्नी म्हणून आपले संरक्षण संपते. मुलाचे संपत नाही, कारण वडिलांशी असलेले त्याचे नाते तुटत नाही. तरीही पतीने नोकरी सोडली की ते छत्र नोकरीबरोबर जाते, आणि न्यायालयाचा आदेश विमा कंपनीवर बंधनकारक ठरत नाही. म्हणून ‘मुलाचा विमा वडील चालू ठेवतील’ एवढ्यावर विसंबू नये. नोकरी बदलल्यास पतीने लगेच कळवावे आणि नव्या कंपनीत सोय नसेल तर वेगळ्या पॉलिसीचा हप्ता भरावा, असे स्पष्ट लिहावे. माझ्या मते त्याहून शहाणपणाचे म्हणजे आपण स्वतःच्या व मुलाच्या नावे वैयक्तिक आरोग्य पॉलिसी आत्ताच घेणे. आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, 1 एप्रिल 2024 पासूनच्या नियमांनुसार जास्तीत जास्त 36 महिन्यांचा असू शकतो. तो सुरू असताना वडिलांच्या सामूहिक पॉलिसीचा आधार असेल, तर मूल मधल्या काळात उघडे पडत नाही. सध्याच्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेतल्यास सामूहिक पॉलिसीतील काळाचे श्रेय मिळू शकते, त्याची लेखी चौकशी करावी. प्रस्ताव अर्जात दम्याचा उल्लेख अवश्य करावा. एजंटाने ‘राहू द्या’ म्हटले तरी करावा. नाकारलेल्या क्लेमच्या पत्रांत बहुधा हीच लपवाछपवी निघते.

आणखी एक सूचना, जिच्यासाठी वेळ थोडा आहे. मासिक खर्च देणारा पिताच उद्या राहिला नाही तर काय, हा प्रश्न अप्रिय असला तरी तो विचारायला हवा. पतीने स्वतःच्या आयुष्यावर मुदत विमा घेताना 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यातील कलम 6 अन्वये मुलाला लाभार्थी नेमले, तर त्या पॉलिसीचा विश्वस्त निधी होतो. पतीचे धनको तिला हात लावू शकत नाहीत आणि पतीही ती मनाप्रमाणे फिरवू शकत नाहीत. हे पॉलिसी घेतानाच करावे लागते, जुन्या पॉलिसीवर नंतर करता येत नाही. कायद्याचे शब्द ‘विवाहित पुरुष’ असे असल्याने हुकूमनाम्यापूर्वीच हे उरकावे.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. परंतु आपण दोन वर्षे वेगळे राहत असल्याने आणि ताबा व पोटगी मिटल्यास, सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निर्णयाच्या आधारे हा काळ माफ करण्याची विनंती करता येईल.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचा घटस्फोट झाला होता, पुढे त्याने दुसरे लग्न केले आणि यंदा तो वारला. त्याच्या 2017 च्या आयुर्विमा पॉलिसीवर नॉमिनी म्हणून पहिल्या पत्नीचेच नाव आहे. पहिल्या लग्नाची मुलगी तिच्याकडे आहे. रक्कम कोणाला मिळेल?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : घटस्फोटाने नॉमिनेशन आपोआप रद्द होत नाही. नॉमिनीला रक्कम दिली की विमा कंपनी मोकळी होते. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये नॉमिनी हा केवळ रक्कम स्वीकारणारा असल्याचे ठरवले होते. विमा कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीनंतर मात्र पती, पत्नी, आई-वडील व मुले यांना नॉमिनी केल्यास त्यांना त्या रकमेचा लाभाचा हक्क मिळतो. घटस्फोटित स्त्रीला तो लाभ मिळावा का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. आपल्या वहिनी, आई व ती मुलगी या तिघी प्रथम वर्गाच्या वारस आहेत, पहिली पत्नी नाही. तेव्हा विमा कंपनीला आजच लेखी हरकत द्यावी आणि दिवाणी न्यायालयातून रक्कम रोखण्याचा आदेश मिळवावा. हरकतीच्या पत्रावर कंपनी फार दिवस थांबत नाही. त्या अर्जात पुतणीचा हिस्सा मान्य असल्याचे आपणहून लिहिलेत, तर कदाचित पहिली पत्नीही समजुतीने घेईल.