गॅलेक्सी ए१६ ५जी की सीएमएफ फोन २ प्रो? सारख्या किमतीच्या दोन फोनांची तुलना कशी करावी?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: सॅमसंग गॅलेक्सी ए१६ ५जी आणि सीएमएफ फोन २ प्रो हे दोन्ही फोन ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेजसह बाजारात आले ते १८,९९९ रुपयांना. तुम्ही खेड्यातल्या शाळेत शिकवता. शाळेची ॲप्स, व्हॉट्सअ‍ॅप, मुलांचे फोटो आणि बँकेची कामं एवढाच वापर, गेम नाही. फोन चार-पाच वर्षं चालला पाहिजे. एक रिव्ह्यूवाला सहा वर्षांच्या अपडेटवरून सॅमसंगला डोक्यावर घेतो, दुसरा चिपवरून सीएमएफला, आणि तुमचा निर्णय होत नाही.

माझं कराडला मोबाईल विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. जे फोन पुढच्या काउंटरवरून विकतो तेच दोन-तीन वर्षांनी मागच्या टेबलावर उघडतो, त्यामुळे कोणती गोष्ट टिकते आणि कोणती फक्त बॉक्सवर छापायला असते याबद्दल माझी मतं ठाम आहेत. उत्तर आधीच देतो: तुम्ही सांगितलेल्या वापराला सीएमएफ फोन २ प्रो उजवा आहे. अट एकच, त्याचं अधिकृत सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं असावं. आता कारणं.

अपडेटपासून सुरुवात करतो, कारण तुमचा सगळा घोळ तिथेच झाला आहे. "सहा वर्षं" आणि "तीन वर्षं" हे आकडे शेजारी ठेवले की सॅमसंग दुपटीने भारी वाटतो. पण ही वर्षं तुम्ही फोन घेता त्या दिवसापासून सुरू होत नाहीत, मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजली जातात. ए१६ ५जी आला ऑक्टोबर २०२४ मध्ये, अँड्रॉइड १४ घेऊन. त्याला अँड्रॉइडच्या सहा नव्या आवृत्त्या आणि सहा वर्षं सुरक्षा पॅच, म्हणजे चोरवाटा बुजवणाऱ्या लहान दुरुस्त्या, कबूल केल्या आहेत. म्हणजे गाडी अँड्रॉइड २० पर्यंत आणि साधारण २०३० च्या ऑक्टोबरपर्यंत जाईल. सीएमएफ फोन २ प्रो आला एप्रिल २०२५ मध्ये, अँड्रॉइड १५ वर. त्याला आवृत्त्या तीनच, म्हणजे अँड्रॉइड १८ पर्यंत, पण सुरक्षा पॅच सहा वर्षं, म्हणजे २०३१ च्या एप्रिलपर्यंत. बघा, आवृत्त्यांत फरक पडला फक्त दोनाचा, आणि सुरक्षेचे पॅच सीएमएफलाच सहा महिने जास्त मिळणार. बँकेच्या कामांसाठी जीव या पॅचवर असतो. नवी आवृत्ती आली नाही तर आयकॉन जुने राहतात, एखादी सोय मिळत नाही. पॅच थांबले तर मात्र त्या फोनवर पैशांचे व्यवहार करायला मी माझ्या घरच्यांनाही देत नाही.

म्हणून कुठल्याही फोनची तुलना करताना वर्षं लिहून घेऊ नका, शेवटची तारीख लिहून घ्या. हेच गणित सेलमध्ये जुनं मॉडेल स्वस्त दिसतं तेव्हाही करायचं. दोन वर्षांपूर्वी आलेला फोन तीन हजारांनी उतरला असेल, पण त्याची दोन वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात.

दुसरं, अपडेट मिळाले तरी ते पेलायला फोनात दम लागतो. ए१६ ५जी मध्ये डायमेन्सिटी ६३०० ही चिप आहे. त्यात ताकदीचे कोअर, म्हणजे चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोनच, कॉर्टेक्स ए७६ जातीचे, आणि कोअरचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीने हा कोअर जाहीर केला तो २०१८ मध्ये. बाकीचे सहा कोअर हलक्या कामाचे. सीएमएफमधल्या डायमेन्सिटी ७३०० प्रोमध्ये २०२० चे कॉर्टेक्स ए७८ चार आहेत आणि चिप ४ नॅनोमीटरवर बनलेली, ए१६ ची ६ वर (हा आकडा जितका लहान तितकी चिप नव्या तंत्राची). आज दुकानात दोन्ही हातात घेतलेत तर व्हॉट्सअ‍ॅप दोन्हींवर झटकन उघडेल आणि तुम्हाला फरक कळणार नाही. तो कळतो तिसऱ्या वर्षी. स्टोरेज भरत आलेलं, शाळेच्या ॲपमध्ये हजेरी भरायची, मागे व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप सुरू आणि तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन येतो. फोन वाजतो, पण उचलायचं हिरवं बटण स्क्रीनवर उमटेपर्यंत कॉल कट झालेला असतो. "फोन हँग होतो" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची तक्रार हीच असते, आणि तिथे मी स्टोरेज रिकामं करून देण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही. चिप काही बदलता येत नाही.

याच ओघात आभासी रॅमचं सांगून टाकतो. "८+८ = १६ जीबी रॅम" असं लिहिलेलं दिसलं तर ते आठच समजा. वरचे आठ म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा बाजूला काढलेला असतो, आणि स्टोरेज रॅमच्या मानाने फार संथ असतं.

आता कॅमेरा. दोन्हीकडे ५० मेगापिक्सेल, म्हणून तुलनेच्या साईटवर दोन्हींसमोर सारखीच खूण दिसते. मेगापिक्सेल सोडा, सेन्सरचा आकार बघा. तो अपूर्णांकात लिहितात: ए१६ चा १/२.७६ इंच, सीएमएफचा १/१.५७ इंच. खालचा आकडा जितका मोठा तितका सेन्सर लहान. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर सीएमएफचा सेन्सर अडीच-तीन पट मोठा भरतो. पावसात तांब्या ठेवला आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त जमेल, तसंच प्रकाशाचं आहे. भर उन्हात मैदानावर काढलेले फोटो दोन्हींचे चांगले येतील. वर्गात, खिडकी मागे, मुलं हलताहेत, तिथे लहान सेन्सरला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि चेहरे पुसल्यासारखे येतात.

हे दुकानात स्वतः तपासा. ट्यूबलाईटखाली कुणाला तरी किल्ल्यांचा जुडगा हलवायला सांगा आणि दोन्ही फोनांनी एकाच अंतरावरून फोटो काढा. मग फोटो झूम करून किल्लीचे दाते बघा. एकात दाते मोजता येतील, दुसऱ्यात पांढरा पट्टा दिसेल. दुकानदाराने नाक मुरडलं तरी चालेल, पैसे तुमचे आहेत. शिवाय सीएमएफमध्ये दुपटीचा टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारा कॅमेरा आहे, त्याने फळ्यावरचं लिखाण मागच्या बाकावरून वाचता येईल असं टिपता येतं. ए१६ चा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायचा कॅमेरा मात्र नसल्यात जमा धरा. कुठल्याही कंपनीचा असो, या जातीचा कॅमेरा मागच्या बाजूची गोलांची संख्या वाढवायलाच दिलेला असतो. एक उणीव दोघांतही आहे: ओआयएस नाही, म्हणजे हाताचा कंप लेन्स सांभाळून घेत नाही. सॅमसंगने ते पुढच्या ए१७ मध्ये दिलं. संध्याकाळचे फोटो तुम्ही जास्त काढत असाल तर ए१७ हातात घेऊन बघण्यासारखा आहे.

स्क्रीन दोन्हींची अ‍ॅमोलेड, ए१६ ची ९० हर्ट्झ, सीएमएफची १२०, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला तितक्या वेळा बदलतं. हा फरक आठवड्यात डोळ्यांच्या सवयीचा होतो, त्यावर निर्णय करू नका. सीएमएफच्या जाहिरातीतला ३००० निट्सचा, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचा, आकडाही बाजूला ठेवा. असा कमाल आकडा स्क्रीनच्या लहानशा भागापुरता, तोही एचडीआर या खास जास्त उजेडाच्या व्हिडिओत मिळतो. त्यापेक्षा फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर या, उन्हात उभं राहून मराठीत दोन ओळी टाईप करा. काना-मात्रा स्पष्ट वाचता आल्या की झालं. बॅटरी दोघांत ५००० एमएएच, चार्जिंग २५ आणि ३३ वॅट. तुमच्या वापराला दोन्ही रात्रीपर्यंत पुरतील. ए१६ च्या बॉक्समध्ये चार्जर नसतो, तेवढा खर्च किमतीत धरा. सिमचा ट्रे दोन्हीकडे असा आहे की दोन सिम घातलीत तर मेमरी कार्डला जागा उरत नाही. शाळेचा एक आणि घरचा एक असे दोन नंबर असतील तर सरळ २५६ जीबी घ्या.

आता रिव्ह्यूंमध्ये सहसा न सापडणारी गोष्ट. फोन पडतो. डिस्प्ले, म्हणजे आमच्या भाषेत फोल्डर, फुटतो. अ‍ॅमोलेडचा मूळ फोल्डर महाग असतो, म्हणून पुष्कळजण गल्लीतल्या दुकानात निम्म्याहून कमी पैशांत एलसीडी या जुन्या, स्वस्त प्रकारच्या स्क्रीनचा कॉपी फोल्डर बसवून घेतात. सीएमएफचा फिंगरप्रिंट स्क्रीनच्या आत आहे, बोटावर प्रकाश टाकून ठसा वाचणारा. तो प्रकाश एलसीडीतून पार होत नाही, त्यामुळे कॉपी फोल्डर बसवला की फिंगरप्रिंट कायमचा गेला. ए१६ चा फिंगरप्रिंट बाजूच्या बटणात आहे, त्याला काही होत नाही. जाड टफन ग्लासनेही स्क्रीनमधला फिंगरप्रिंट अडखळतो, म्हणून फोन सुरू झाला की आधी टफन लावून घ्या आणि त्यानंतर बोटाचा ठसा नोंदवा. खडू, माती, पाणी यांत हात असणाऱ्यांनी बोट दोन वेळा नोंदवावं, एकदा कोरडं आणि एकदा किंचित ओलसर. फरक पडतो.

म्हणूनच मी सर्व्हिस सेंटरची अट घातली. सॅमसंगचं सेंटर बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी आहे आणि सुटे भाग सहज मिळतात. सीएमएफ ही नथिंग नावाच्या फोन कंपनीची शाखा, भारतात तुलनेने नवी. कंपनीच्या साईटवर तुमचा पिनकोड टाका, जवळचं सेंटर कुठे निघतं ते बघा, तिथे फोन करून या मॉडेलचा डिस्प्ले मिळतो का आणि केवढ्याला, हे विचारा. उत्तर समाधानकारक मिळालं नाही तर माझा निर्णय बदलतो, तुम्ही सॅमसंग घ्या. तसंच, हाच प्रश्न तुम्ही वडिलांसाठी विचारला असता तर मी ए१६ सुचवला असता: वापर हलका, फिंगरप्रिंट बटणावर आणि बिघाड झाला तर जवळ जाता येतं.

रिव्ह्यू बघू नका असं मी म्हणणार नाही, मीही बघतो. पण पहिल्या आठवड्यातले रिव्ह्यू बहुतेक कंपनीने पाठवलेल्या फोनवर केलेले असतात, त्यात नवेपणाची भूल असते. जून २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांप्रमाणे पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं लिहावं लागतं. ते लेबल शोधा. बेंचमार्कच्या, म्हणजे फोनचा वेग मोजणाऱ्या ॲप्सच्या, आकड्यांवर तर अजिबात विसंबू नका. २०२१ मध्ये वनप्लस ९ आणि २०२२ मध्ये गॅलेक्सी एस२२ हे बडे फोनही गीकबेंच या अशाच ॲपने आपल्या यादीतून काढले होते, कारण त्यांत ॲप्सचा वेग आवळला जायचा आणि बेंचमार्क तेवढा मोकळा सुटायचा. मला उपयोगी पडतात ते खरेदीच्या साईटवरचे तीन तारेवाले अभिप्राय, तेही वापराला तीन-चार महिने झालेल्यांचे. पाच तारेवाला खुशीत असतो, एक तारेवाला बरेचदा कुरिअरवर चिडलेला असतो. तीनवाला नेमकं काय खटकतं ते लिहितो.

आणि कंपनीच्या पानावरची तळटीप वाचा, अगदी बारीक अक्षरातली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेडमी ए४ ५जी आला, नावातच ५जी. पण त्याची चिप फक्त स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या प्रकारचं ५जी पकडते. जिओचं ५जी पहिल्यापासून त्याच प्रकारचं, एअरटेलने मात्र ४जीच्या आधाराने चालणाऱ्या दुसऱ्या प्रकाराने सुरुवात केली होती, त्यामुळे एअरटेलवाल्यांना त्या फोनवर ४जीच मिळालं. तुमच्या यादीतले दोन्ही फोन दोन्ही प्रकार पकडतात, ती काळजी नको. पुढे कुणाला स्वस्तातला ५जी फोन घेऊन द्याल तेव्हा मात्र एसए (स्टँडअलोन) आणि एनएसए (तो दुसरा प्रकार) ही दोन्ही अक्षरं आहेत का ते तपासा.

खरेदीच्या दिवशी सील तुमच्यासमोर फोडायला लावा. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढा, तो बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या नंबराशी ताडून बघा. मग मेसेजमध्ये इंग्रजी केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो आयएमईआय असं टाईप करून १४४२२ ला पाठवा. उत्तरात तुमच्या हातातलंच मॉडेल आलं की पैसे द्या.