‘आधी फिट होतो, मग जातो’

कोरोनानंतर मैदानं, हॉल, तलाव उघडून बराच काळ लोटला, तरी समुपदेशनात एक प्रश्न माझ्याकडे अजून येतो. तो सरळ येत नाही. झोप नाही, चिडचिड होते, वजन वाढलंय, असं बरंच काही बोलून झालं की मग हळूच निघतो: “पूर्वी रोज खेळायचो. आता परत जायचा धीर होत नाही. काय करू?”

ठाण्याच्या एका गृहस्थांचं सांगते (ओळख पटेल असे तपशील बदललेत). पन्नाशीला टेकलेले, बँकेत अधिकारी. कित्येक वर्षं सकाळी सहाला बॅडमिंटन डबल्स, ठरलेली मंडळी, नंतर टपरीवर चहा. मार्च २०२० मध्ये हॉलला कुलूप लागलं. मधे उघडला, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत परत बंद. त्यातच त्यांना स्वतःला कोविड होऊन गेला. बाकीचे हळूहळू कोर्टवर परतले, हे नाही. “आधी फिट होतो मॅडम, मग जातो.”

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण फिट होण्यासाठी काय करताय, असं विचारलं तर उत्तर नव्हतं. चालायला निघाले तरी हॉलसमोरचा रस्ता टाळून मागच्या गल्लीने जात. व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट. रॅकेट कपाटावर, तिची ग्रिप इतकी चिकट झालेली की हाताला काळे कण लागायचे, हे त्यांनी जरा लाजतच सांगितलं. म्हणजे मधूनमधून काढून बघत होते तर!

डोळ्यांसमोर नेमकं काय येतं, ते मी विचारलं. “नेटजवळ सोपं शटल येतं, मी हुकतो, आणि पार्टनर म्हणतो, ‘चालतं हो, चालतं.’ अहो, पूर्वी आम्ही एकमेकांना शिव्या घालायचो. ‘चालतं’ म्हणाले की मेलोच मी.”

भीती दम लागण्याची नव्हतीच. ज्यांनी आपल्याला जोरात असताना पाहिलंय, त्यांच्या नजरेत कीव दिसेल ही होती. आणि ती घरी बसून जात नाही, उलट मुरत जाते. त्यांचं चित्र नेहमी त्या ‘चालतं’पाशीच थांबायचं. म्हणून वहीत दोन रकाने केले: काय होईल असं वाटतं, आणि त्यानंतर काय होईल. दुसरा रकाना त्यांना भरताच येईना.

शरीराचं मात्र मी हसण्यावारी नेलं नाही. आधी डॉक्टरांना दाखवायला पाठवलं. काही आठवड्यांच्या खंडानेही दम उतरतो, आणि चाळिशी-पन्नाशीत मोठ्या गॅपनंतर एकदम जुन्या जोशात उड्या मारणाऱ्यांची टाचेमागची अकिलीस कंडरा तुटू शकते, बॅडमिंटनमध्ये तर हमखास ऐकू येणारी दुखापत. कोविडनंतर खेळताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा खेळल्याच्या दुसऱ्या दिवशी थकवा फारच वाढला, तर थांबून डॉक्टरांना विचारायचं. हे मनाचे खेळ समजून रेटायचं नाही.

पहिल्यांदा त्यांना मी चहाच्या वेळी पाठवलं, रॅकेटशिवाय. तिथे कळलं की सहाच्या बॅचमध्ये त्यांची जागा आता दोन तरुण पोरांनी घेतलीय. यावर ते आठवडाभर रुसून होते. (साहजिक आहे. मीही रुसले असते.) मग सातच्या बॅचला एका नवशिक्याबरोबर अर्ध्या कोर्टवर नुसते टॉस, म्हणजे उंच शटल एकमेकांकडे मारत राहणं. पुढे एक गेम, तोही पिसांच्या नाही, नवशिके वापरतात त्या नायलॉनच्या शटलवर.

आणि ते हुकले. पार्टनर खरंच “चालतं” म्हणाला! पुढचंही शटल हुकलं. तेवढ्यात पलीकडचे दोघे शटल लाइनवर पडलं की बाहेर यावरून भांडायला लागले आणि यांच्याकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. दुसरा रकाना त्यांनी त्या दिवशी भरला. जुन्या पार्टनरला नंतर फोन करून सांगितलं, मी आलो तर पूर्वीसारखं ओरडायचं.

रविवारच्या मॅचेसना अजून नाहीच म्हणतात. मी आग्रह करत नाही. त्यांना सकाळ परत हवी होती, ती मिळाली.

असे ग्रुप चालवणाऱ्यांना एक विनंती. ‘सर्वांनी यावे’ हा मेसेज न आलेल्या माणसापर्यंत पोचत नाही, त्याने ग्रुप म्यूट केलेला असतो. फोन करा, आणि खेळायला नाही, चहाला बोलवा.