वाचकांचे प्रश्न : कीवहून व्हिएन्ना, ताळगावहून कुठं?

प्रश्न : माझी मुलगी ताळगावच्या गोवा विद्यापीठात राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑनलाइन अभ्यासगटात तिची एका युक्रेनी मुलीशी ओळख झाली. ती कीवला बी.ए. आणि व्हिएन्नाला मास्टर्स करून आता अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज करतेय. आमच्या मुलीनंही आधी युरोपात मास्टर्स करावं का? खर्चाची धास्ती वाटते.
– एक पालक, फोंडा

उत्तर : केवळ पात्रतेसाठी दुसरं मास्टर्स करू नका. युरोपातल्या देशांनी आपल्या पदव्या एकमेकांशी जुळत्या करण्यासाठी केलेल्या बोलोन्या प्रक्रियेत युक्रेन २००५ मध्ये आला. तिथली बी.ए. ४ वर्षांची, २४० क्रेडिटची असते आणि तेवढ्यावर अमेरिकेत थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. तरीही तिकडची मुलं मास्टर्सला जातात, कारण तिथं संशोधनपद्धती पक्की होते आणि इंग्रजीत लांब लेखन घडतं. तुमच्या मुलीची ३ अधिक २ अशी ५ वर्षं अमेरिकेत आणि युरोपात सहसा चालतात. संख्याशास्त्र कच्चं असेल, तर ‘आर’ हे मोफत सॉफ्टवेअर शिकायला आत्ताच बसवा.

खर्चाचं म्हणाल, तर अमेरिकेतले चांगले विभाग फी माफ करून साधारण ५ वर्षं विद्यावेतन देतात. बदल्यात शिकवण्यात मदत करावी लागते. पैसे न देणारा प्रवेश घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जर्मनीत बरेचदा पीएच.डी. म्हणजे पगारी नोकरीच असते.

निवड मुख्यतः ठरते ती लेखनाच्या नमुन्यावर आणि उद्देशपत्रावर (कशावर आणि का संशोधन करायचंय, ते सांगणारं पत्र). नमुना बहुधा २० ते ३० पानांचा मागतात. एम.ए.चा प्रबंध कापून तो करताना मुलं पूर्वसंशोधनाचं प्रकरण तसंच ठेवतात आणि स्वतःचा मुद्दा पंधराव्या पानावर येतो. तो दुसऱ्या पानावर यायला हवा. ‘गोव्यातील पक्षांतर : एक अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा : २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार फुटले, २०२२ मध्ये ११ पैकी ८. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, दोन तृतीयांश आमदार एकत्र दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर त्यांची आमदारकी वाचते. त्या अटीला दोन्ही वेळा नेमके लागतील तेवढेच! कायदा फुटीला आवर घालतो, की फुटणाऱ्यांना किती जण जमवायचे ते सांगतो?

युक्रेनच्या ४५० जागांच्या संसदेतही हाच आजार आहे. गट बदलणाऱ्या खासदारांना तिथं ‘तुश्की’ म्हणतात. त्या मैत्रिणीबरोबर ही तुलना मांडली, तर दोघींचेही अर्ज वजनदार होतील. पणजीत आणि विधानसभा असलेल्या पर्वरीत बसून मिळणारी कागदपत्रं आणि कोंकणी-मराठी वाचता येणं हे तुमच्या मुलीचं खरं भांडवल आहे.

आता कागद. अर्जाची मुदत बहुधा १ डिसेंबर ते १५ जानेवारी असते, म्हणून ट्रान्सक्रिप्टसाठी (विद्यापीठाचा सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत दाखला) ऑगस्टमध्येच अर्ज टाकावा आणि सोबत गुणश्रेणीचा तक्ताही मागून घ्यावा. युक्रेनमध्ये १०० पैकी ६० ला उत्तीर्ण होतात, आपल्याकडची पद्धत वेगळी. तक्ता नसेल तर आपले चांगले गुणही तिकडे कमी वाटतात. शिफारसपत्रं तीन लागतात. ‘मुलगी आज्ञाधारक व कष्टाळू आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र काहीच कामाचं नाही. प्रबंधातला कुठला युक्तिवाद तिचा स्वतःचा, हे सरांनी लिहायला हवं; त्यासाठी नमुना त्यांच्या हाती सहा आठवडे आधी द्या. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षं चालतात, तेव्हा ती परीक्षा अर्जाच्या वर्षीच द्यावी.