बर्फात जायच्या आधी: बेळगावकरांचे प्रश्न

प्रश्न (टिळकवाडी): आम्ही तिघं मित्र, गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स झालाय. येत्या फेब्रुवारीत गोंडोलाच्या (तिथला रोपवे) दुसऱ्या टप्प्यावरून अफरवाट डोंगराच्या ओपन बर्फात उतरायचा प्लॅन आहे. गाईड असतोय की, मग ट्रान्सीव्हर-बिन्सीव्हर (बर्फात गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र) आपल्याला कशाला?

अहो, हिमस्खलन होऊन, म्हणजे वरनं बर्फ कोसळून, गाईडच गाडला गेला तर त्याला कोण काढणार? पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिल्या 10 मिनिटांत काढलं तर दहातले नऊ वाचतात, आणि अर्धा तास गेला की तीनेकच उरतात, म्हणजे खालून रेस्क्यू टीम येईपर्यंत बहुतेक वेळा खेळ संपलेला असतो, जे काय करायचं ते सोबतच्या दोघांनीच. त्यामुळे तिघांकडे तीन ट्रान्सीव्हर, तीन प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी), तीन फावडी, आणि फावडं लोखंडी नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचं, प्लॅस्टिकचं नको, कोसळून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो. वापरायला मात्र इथंच शिका. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर एकानं ट्रान्सीव्हर पोत्यात घालून पालापाचोळ्यात लपवायचा, दुसऱ्यानं घड्याळ लावून शोधायचा. आमच्या ग्रुपला पहिल्यांदा 14 मिनिटं लागली, त्यातली चार एकमेकांवर ओरडण्यात गेली! शोधताना मोबाईल लांब ठेवा, सिग्नलमध्ये गडबड करतो. आणि भाड्यानं घेतलात तर बॅटरी स्वतः बघा, मला एका दुकानातनं फक्त 20 टक्के बॅटरी उरलेला दिला होता आणि वर "चलता है साब".

प्रश्न (निपाणी): ऊन पडलेलं, आभाळ निळं, मग धोका कसला? वरनं बर्फ कोसळतो तो वाऱ्यावादळातच ना?

नाही ओ, इथंच लोक फसतात. जोराचा बर्फ पडून गेल्यावर पहिले एक-दोन दिवस जास्त वाईट, आणि नेमकं तेव्हाच ऊन पडतं आणि सगळ्यांना कोऱ्या बर्फात पहिली रेघ मारायची असते. घरी करून बघा, परातीत साखर पसरा, वर ज्वारीची कडक भाकरी ठेवा आणि परात हळूहळू तिरकी करा. भाकरी जागेवर बसलेली असते बसलेली असते, आणि एकदम आख्खी सुटते. थंडीत बर्फाच्या खालच्या थराचे असेच साखरेसारखे दाणे होतात, एकमेकाला धरत नाहीत, वर वाऱ्यानं घट्ट झालेला थर म्हणजे आपली भाकरी. परात तिरकी करायला तिथं कोणी नसतं, तुमचं वजनच पुरतं. जीव घेणाऱ्या बहुतेक हिमस्खलनांना तो माणूस नाहीतर त्याच्याच ग्रुपमधला कोणीतरी कारण झालेला असतो.

उतार 30 ते 45 अंशाचा असेल तर सावध, मोबाईलच्या अ‍ॅपवर मोजता येतो. पायाखाली 'धप्प' आवाज झाला, बर्फाला लांब चीर गेली, किंवा शेजारच्या उतारावर ताजा बर्फ कोसळलेला दिसला तर तिथनंच मागं फिरा, पैसे भरलेत म्हणून पुढं जाऊ नका. अशा उतारावरून एका वेळी एकानंच जायचं, बाकीच्यांनी बाजूला सेफ जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची.

प्रश्न (शहापूर): धारवाड जिल्ह्यातले हनुमंतप्पा कोप्पद सियाचीनमध्ये इतके दिवस बर्फाखाली जिवंत होते, मग तुम्ही 10 मिनिटं-10 मिनिटं का करताय?

तो फेब्रुवारी 2016 चा आठवडा आपल्या भागात कोण विसरलंय? बेटदूरचा लान्स नाईक, 19,000 फुटांच्या वरची चौकी, 3 तारखेला दहा जवान गाडले गेले, हे एकटेच पाच दिवसांनंतर जिवंत सापडले आणि 11 तारखेला दिल्लीत हॉस्पिटलमध्ये वारले. पण ते तंबूत होते, भोवती हवेची पोकळी राहिली. स्कीवाल्याच्या नाकातोंडाशी बर्फ दाबून बसतो, सोडलेला श्वासच परत आत जातो. बाकीचे नऊ जण वाचले नाहीत, हिशोब करताना तेही धरा.

प्रश्न (खानापूर): एअरबॅग (दोरी ओढली की फुगणारी पाठीवरची बॅग) घेतली तर बाकीचं सामान नको ना?

लागतं. एअरबॅग तुम्हाला वर तरंगत ठेवायला मदत करते, पण झाडावर-दगडावर आपटलात तर तिचा काय उपयोग नाही, आणि दोरी तुम्हालाच ओढावी लागते. बजेट कमी असेल तर आधी ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं. विमानानं जाणार असाल तर तिच्या गॅसच्या सिलिंडरबद्दल एअरलाइनला आधीच विचारा, नाहीतर सांबऱ्याच्या विमानतळावरच काढून ठेवायला लावतील.