लाडू वाकडेच राहू द्या

प्रश्न : आम्ही म्यूनिकजवळ राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार. डिसेंबर लागला की मुलाच्या वर्गातली सगळी घरं प्लेट्सशन म्हणजे नाताळची बिस्किटं भाजायला लागतात. आमच्याकडे ओव्हन आहे, पण त्यात कढया आणि तवे ठेवलेले असतात! शेजारच्या जर्मन आजी दरवर्षी बिस्किटांचा डबा भरून पाठवतात. त्यांना यंदा मुलांच्या हातचं काहीतरी आपलं गोड द्यावं असं मनात आहे. मुलगा मात्र म्हणतो, ‘लाडू नको, त्यांना कळणार नाहीत.’ सासूबाई सुट्टीत इथेच आहेत. त्या सुगरण आहेत, पण शिस्तीच्या. भाजणं-तळणं न करता मुलांना झेपेल असं काय करता येईल?

उत्तर : तुमच्या पत्रात ओव्हनची चिंता वरवरची वाटते, सासूबाईंची खरी. तिच्याकडे येतेच. आधी पदार्थाचं बोलू.

अशा वेळी आपण सण पाहून पदार्थ ठरवतो आणि मग त्यात मुलांना कुठे बसवायचं ते शोधत बसतो. मी उलटं करायला सांगेन. चार वर्षांच्या मुलीला काय जमतं? चाळणं, दाबणं, घोळवणं आणि मोजून ओळीत मांडणं. नऊ वर्षांच्या मुलाला वजनकाटा वाचता येतो, तुम्ही शेजारी उभ्या असाल तर मिक्सर फिरवता येतो आणि लिहिता येतं. एवढ्यात बसणारे पदार्थ घ्या. म्हणजे पाकाचं सगळं यंदा बाजूला. पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि अंगावर उडाला तर कातडीला चिकटून राहतो. पाकातल्या वड्या सासूबाईंनी मुलं झोपल्यावर खुशाल कराव्यात.

माझी पहिली पसंती डाळ्याच्या लाडवांना. आपण चिवड्यात टाकतो ते पंढरपुरी डाळं मुळातच भाजलेलं असतं, त्यामुळे गॅसवर फक्त तूप वितळवायचं. बेसनाचं तसं नाही. बेसन, कणीक, मैदा यांतलं काहीही कच्चं घालून ‘न भाजता लाडू’ दाखवणारे व्हिडिओ हल्ली बरेच फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. कच्च्या पिठात पोट बिघडवणारे जिवाणू असू शकतात. उलट डाळ्याच्या लाडवात कच्चं पीठ नाही, कच्चं अंडं नाही, त्यामुळे मुलांनी बोटं चाटली तरी ओरडायचं कारण उरत नाही. प्लेट्सशनच्या कणकेला ही सवलत नाही, हे मुलाला जरूर सांगा.

प्रमाण असं : 250 ग्रॅम डाळं, 150 ग्रॅम पिठीसाखर, 120 ग्रॅम तूप, वेलची. भारतीय दुकान लांब असेल तर तुर्की दुकानातली पिवळी लेबलेबी चालते. तेही भाजलेले, सोललेले हरभरेच. बिनमिठाची बघून घ्या. चव थोडी वेगळी येते, लाडू मात्र छान वळतो. तुपाऐवजी कुठल्याही सुपरमार्केटमधलं बुटरश्माल्ट्स घ्यायला हरकत नाही, फक्त त्याला घरच्या कढवलेल्या तुपाचा वास नसतो, तेव्हा वेलची हात सैल सोडून घाला.

मुलगा डाळं तोलेल आणि मिक्सरमध्ये बारीक करेल. मुलगी ते चाळेल. घाई करू नका, चाळणं हाच तिचा सगळ्यात आवडता भाग असणार आहे. चाळणीखाली मोठी परात ठेवा, आणि परातीखाली जुनं वर्तमानपत्र. तूप वितळवून कोमट होईपर्यंत तुमच्या ताब्यात ठेवा, मग थोडं थोडं ओतत मुलाला कालवू द्या. डाळं किती बारीक झालं त्यावर तूप एखादा चमचा कमी-जास्त लागतं. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला की झालं. सैल वाटलं तर वर आणखी पीठ ओतू नका, दहा मिनिटं थांबा. तुमच्याकडे डिसेंबरात स्वयंपाकघर इतकं गार असतं की तूप आपोआप आळतं. मेलबर्न-सिडनीच्या वाचकांचं नेमकं उलटं. तिथे नाताळ भर उन्हाळ्यात, त्यामुळे तूप हात राखून घाला आणि वळलेले लाडू फ्रीजमध्ये ठेवा.

या प्रमाणात 25 ग्रॅमचे वीसेक लाडू होतात. छोट्या हातांसाठी 15 ग्रॅमचे करा. काटा समोर ठेवला की मुलगा प्रत्येक गोळा तोलत बसेल आणि तुम्हाला अर्धा तास निवांत मिळेल. मुलीला गोल वळणं जमलं नाही तर मोदकाचा साचा द्या. साच्याला तुपाचं बोट लावून ठासून भरायचं आणि उघडायचं, एवढंच. गणपतीनंतर साचा कपाटात पडून राहावा असा काही नियम नाही.

आता मुलाच्या ‘त्यांना कळणार नाहीत’बद्दल. त्याच्याशी वाद घालू नका, संस्कृतीवर भाषण तर नकोच. त्याला सुपरमार्केटमध्ये घेऊन जा आणि नाताळच्या फळीवर मार्त्सिपानकार्टोफेल्न दाखवा. बदामाच्या लगद्याचे छोटे गोळे, वरून कोकोत घोळवलेले, दिसायला बटाट्यासारखे. हा लाडू नाही तर काय? ते घरी करणं अगदीच सोपं आहे. मार्त्सिपान-रोमासेचं, म्हणजे बदामाच्या तयार लगद्याचं, 200 ग्रॅमचं पाकीट आणा. त्यात बदाम भरपूर आणि साखर 35 टक्क्यांच्या आतच असते, म्हणून आणखी 60 ते 80 ग्रॅम पिठीसाखर मळून घालायची. आपल्या वेलचीची पूड घालायची. गोळे वळायचे, वाटीत कोको घ्यायचा, गोळा टाकून वाटी हलवायची. चार वर्षांच्या मुलीचं काम तयार. अर्ध्या लगद्यात केशराचं दूध दोन-चार थेंब घातलं आणि वर पिस्त्याचा तुकडा दाबला की त्याचाच पेढा होतो. दूध जास्त पडलं तर लगदा चिकट होतो आणि टिकतही नाही, म्हणून थेंबच. डब्यात कार्टोफेल आणि पेढा शेजारी शेजारी ठेवा. शेजारच्या आजींना न कळण्यासारखं त्यात काही राहणार नाही.

आणि मार्त्सिपान आपल्याला परकं आहे असंही समजू नका. गोव्यात आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळला मार्झिपान असतंच. गोव्यात ते काजूचंही करतात. तिथे नेवऱ्या, कुलकुलं, दोदोल असं सगळं मिळून कुस्वार म्हणतात आणि त्याची ताटं शेजारीपाजारी जातात, आपल्याकडे दिवाळीत फराळाची जातात तशीच. जर्मन घरांत नाताळला मुलांसाठी बिस्किटं, सुकामेवा, चॉकलेटं यांची भरलेली थाळी मांडतात, तिला ते बुंटर टेलर म्हणतात. मुलाला हा शब्द शाळेमुळे माहीत असेल. आपलीही थाळी मांडायची, एवढं त्याला पटण्यासारखं आहे.

खोबऱ्याचे लाडू तिसरे. 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कला साधारण 300 ग्रॅम कोकोसरास्पेल्न (सुक्या खोबऱ्याचा कीस), वेलची, कालवायचं, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचं, वळायचं, कोरड्या खोबऱ्यात घोळवायचं. इथे एकच खड्डा आहे आणि नवीन आलेली बरीच मंडळी त्यात पडतात. जर्मनीत ‘कोंडेन्समिल्ख’ म्हणून जे सर्रास मिळतं ते कॉफीत घालायचं बिनसाखरेचं आटीव दूध. त्याचे लाडू होत नाहीत, लापशी होते. डब्यावर ‘गेत्सुकर्ट’ म्हणजे साखर घातलेलं असं लिहिलेलं हवं. मिल्खमेडशन या नावाने मिळतं ते आपलं मिल्कमेडच, डब्यावरच्या गवळणीसकट. ब्रिटन-अमेरिकेत हाच घोळ इव्हॅपोरेटेड आणि कंडेन्स्डमध्ये होतो. खरं सांगायचं तर मला हे लाडू फार गोड लागतात. मुलांना तसं वाटत नाही, आणि ते करताना बिघडत नाहीत, म्हणून यादीत ठेवले.

श्रीखंड डब्यातून देता येत नाही, पण सुट्टीतल्या एखाद्या जेवणासाठी मुलांकडून करून घ्या. मागरक्वार्क म्हणजे जवळजवळ चक्काच. रात्रभर फडक्यात बांधून फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवलं की सकाळी तयार. साखर घालून पुरणयंत्रातून नाहीतर चाळणीतून मुलाने घासायचं. दंड दुखले की त्याला कळेल, आजी आयतं का देत नाही ते.

खजुराच्या वड्या सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून दोनच सूचना. बिनबियांचा खजूर म्हणून घेतला तरी प्रत्येक खजूर उघडून बघायला मुलीला बसवा, एखादी बी निघतेच. आणि सुकामेवा बारीक करून घाला. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खे बदाम-काजू अडकू शकतात, आणि तुमची चार वर्षांची आहे. (दुबई-अबुधाबीच्या वाचकांनी वड्या खसखशीत घोळवायचा विचारही करू नये. तिथे खसखस बेकायदा आहे. तीळ किंवा खोबरं घ्या.)

दाण्याचे लाडू मी मुद्दाम वर घातले नाहीत. भाजके बिनमिठाचे दाणे आणि गूळ मिक्सरमधून काढले की दाण्याच्या तेलातच लाडू वळतात, याहून सोपं काही नाही. पण ते घरापुरते. शेंगदाणा, काजू-बदाम, तीळ, दूध यांची अ‍ॅलर्जी असलेली मुलं तुमच्या मुलाच्या वर्गातही असू शकतात. शाळेत किंवा किटामध्ये (बालवाडीत) पाठवायचं असेल तर आधी बाईंना विचारा, काही ठिकाणी घरचं चालतच नाही. शेजारच्या आजींनाही विचारायला लाजू नका. आणि डब्यावर चिठ्ठी हवीच. तुमच्या मुलाचं खरं काम हेच. जर्मनमध्ये, स्वतःच्या अक्षरात, पदार्थाचं नाव आणि खाली ‘एंथेल्ट’ (यात आहे) म्हणून घटक : मांडेल्न (बदाम), मिल्ख (दूध), किखरएर्बसन (हरभरे). ‘त्यांना कळणार नाही’ म्हणणाऱ्यालाच कळवायचं काम द्या. लाडूला जर्मन नाव काय द्यायचं हेही त्यालाच ठरवू द्या, ‘कूगेल’ म्हणजे नुसतं ‘गोळा’ लिहिलं तरी तुम्ही हसू नका.

सजावटीसाठी मार्शमॅलो किंवा गमी आणायचा मुलांनी हट्ट धरला आणि तुम्ही शाकाहारी असाल तर पाकिटामागे जिलेटिन आहे का बघा. बहुतेक वेळा असतंच, आणि ते डुकराचं किंवा गायीचं असतं. तुमच्या सासूबाईंना हे नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता सासूबाई. शिस्तीच्या सुगरणीपुढे मुलं टिकत नाहीत, याचं कारण ओरडा नसतो. मुलाने वळलेला लाडू आजी हातात घेते, न बोलता पुन्हा वळते आणि गोल गरगरीत करून ताटात ठेवते. मुलाला जे समजायचं ते समजतं, आणि पुढच्या पाच मिनिटांत ते टॅबकडे निघून जातं. तेव्हा सासूबाईंशी आदल्या दिवशी, मुलांमागे बोला. ‘आई, चव तुमची, आकार त्यांचा’ एवढं सांगा. तूप किती, वेलची किती, मिश्रण वळायला तयार झालं का, हे सगळं त्यांना विचारून ठरवायचं. तिथे त्यांचा शब्द शेवटचा. एकदा वळायला घेतलं की मात्र वाकड्या लाडवाला कोणी हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. शेजारी द्यायच्या डब्यात चांगले वरती आणि फुटके खाली असलंही करू नका. मुलं बघत असतात.

एका दिवसात एकच पदार्थ. चार वर्षांच्या मुलीचा उत्साह अर्धा-पाऊण तास टिकतो, म्हणून वजनं करून वाट्या मांडून ठेवा आणि तिला शेवटच्या टप्प्याला बोलवा. ती मध्येच उठून गेली तर जाऊ द्या.

टिकण्याचं म्हणाल तर डाळ्याचे लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजबाहेर, दोन आठवडे सहज राहतात, त्यामुळे सुट्टी लागायच्या आधीच ते करून ठेवा. मार्त्सिपानचे गोळे हवाबंद डब्यात आठवडाभर, दूध घातलेले पेढे फ्रीजमध्ये आणि तीन-चार दिवसांत संपवायचे. खोबऱ्याचे फ्रीजमध्ये आठवडाभर. शेजारच्या आजींचा डबा 23 तारखेपर्यंत पोचवा. 24च्या संध्याकाळी त्यांच्याकडे घरचे लोक जमतात, त्या वेळी दार वाजवू नका. आणि त्यांचा बिस्किटांचा रिकामा डबा घरात पडून असेल तर तोच घासून भरा, मुलांना दोघांना मिळून घेऊन जाऊ द्या, तुम्ही जिन्यात थांबा.