भाषाशंका : 'सोआर' की 'तोकार'?

प्रश्न : पोर्तुगीज शिकते आहे. शब्दकोशात 'सोआर' आणि 'तोकार' दोन्हींपुढे 'वाजणे' दिले आहे. मग फरक काय? शिवाय मी 'सोआर' लिहिले की कधी कधी 'घाम आला' असा अर्थ निघतो म्हणे!
— एक वाचक, मडगाव

उत्तर : रोजच्या बोलण्यात 'तोकार' धरून चाला. फोन, बेल, गिटार सगळ्यांना तेच. 'वाजणे' आणि 'वाजवणे' ही दोन्ही कामे ते एकटेच करते: 'ओ तेलेफोने तोकोउ' म्हणजे फोन वाजला, 'तोका गितार्रा' म्हणजे गिटार वाजवतो. 'सोआर' म्हणजे आवाज उमटणे. त्याला सहसा कर्म लागत नाही, म्हणून गिटारला ते चालणार नाही. घंटा, भोंगा, टोले यांना मात्र ते शोभते. कर्ता बऱ्याचदा मागून येतो: 'सोओउ ओ आलार्मे', पण भोंगे अनेक असतील तर 'सोआराम'.

टोल्यांचे व्याकरण मराठी माणसाला सोपे जावे. 'एक वाजला, तीन वाजले' तसेच 'सोओउ उमा ओरा, सोआराम त्रेस ओरास'. घड्याळ कर्ता असेल तर 'देउ' (दिले) किंवा 'बातेउ' (ठोकले), एकवचनीच. गोची पुढे आहे. 'आत्ता तीन वाजलेत' सांगायला 'सोआर' वापरायचेच नाही. तिथे 'सांओ त्रेस ओरास', म्हणजे 'असणे' हे क्रियापद. मराठीतून शिकणाऱ्यांची ही हमखास चूक.

दुसरा उपयोग मत देण्याचा. 'सोआ बेम', ऐकायला बरे वाटते. विशेषण थेट जोडा ('सोआ एस्त्रान्यो'), नामाआधी मात्र 'आ' हवा: 'सोआ आ देस्कुल्पा', सबब वाटते. 'मला वाटते' म्हणताना पोर्तुगालमध्ये 'सोआ-मे', ब्राझीलमध्ये 'मे सोआ'.

आता घाम. घाम येणे म्हणजे 'सुआर'. बलाघात (उच्चारातला जोर) नसलेला 'ओ' पोर्तुगालमध्ये 'उ' होतो, त्यामुळे मूळ रूपे बोलताना सारखीच ऐकू येतात आणि लिहिताना ओ-यूची अदलाबदल होते. 'सुओउ ओ आलार्मे' म्हणजे भोंग्याला घाम फुटला! शंका आली की वर्तमानकाळ करून पाहा. तिथे बलाघात पहिल्या स्वरावर येतो आणि 'सोआ', 'सुआ' स्वच्छ वेगळे ऐकू येतात.

ब्राझीलच्या जुन्या पुस्तकांत प्रथमपुरुषी 'सोओ'वर टोपीसारखे चिन्ह दिसेल. 2009 पासूनच्या लेखननियमांत ते गेले.